वाचनालयाच्या छपरासाठी पैसा उभा करताना : माझा अनुभव

‘काम चालू आर्थिक वर्षातच, म्हणजे ३१ मार्चपूर्वी, पूर्ण करण्याची लेखी हमी संस्थेने द्यावी.’ एका मोठ्या कंपनीच्या सीएसआर (कायद्याने कंपन्यांना समाजकामासाठी द्यावा लागणारा निधी) अर्जातली ही अट मला अजून पाठ आहे. आमच्या वाचनालयाच्या इमारतीची दुरुस्ती या एका ओळीपाशी अडली आणि एक अख्खा पावसाळा वाया गेला. आता छप्पर नीट झाले आहे, भिंती सुकल्या आहेत, पण त्या ओळीचा राग गेलेला नाही. अशीच कागदपत्रे घेऊन बसलेल्या संस्था महाराष्ट्रात पुष्कळ असतील, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

आमचे गाव तालुक्याचे. इमारत शंभरी ओलांडलेली. काळ्या दगडाचे जोते, चुन्यातल्या भिंती, छप्पर पेलणाऱ्या सागवानी कैच्या आणि वर मंगलोरी कौले. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४०चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८चे. त्यांच्यामागून गावोगावी लोकांनी वर्गणी काढून वाचनालये उभी केली, त्यांतलेच आमचे एक. अशा इमारती केंद्राच्या संरक्षित स्मारकांच्या यादीत नसतात आणि राज्याच्या १९६०च्या कायद्याखालच्या यादीतही नसतात. यादीत नाव नाही म्हणजे पुरातत्त्व खात्याचा पैसा नाही. ग्रंथालय कायद्याखाली मिळणारे अनुदान पगार, पुस्तके आणि वीजबिल यांतच संपते.

जुन्या इमारतींसाठी पैसाच नाही, असे सगळे म्हणतात. मला तसे दिसले नाही. पैसा आहे, पण तो आधीच नावाजलेल्या वास्तूंकडे जातो. २०१७मध्ये केंद्राने वारसा दत्तक योजना काढली, आणि पुढच्याच वर्षी एका उद्योगसमूहाने लाल किल्ल्यासाठी पाच वर्षांत २५ कोटींचा करार केला. चांगली गोष्ट आहे. पण त्या योजनेच्या वाटेने तालुक्यातल्या वाचनालयापर्यंत कोणी येत नाही. मुंबईत १९९५च्या वारसा नियमावलीनंतर जुन्या इमारतीच्या मालकाला न वापरलेला बांधकामाचा हक्क टीडीआर म्हणून विकता येऊ लागला. जिथे जमिनीला सोन्याचा भाव आहे तिथे ही सोय उपयोगाची. आमच्याकडे तो टीडीआर घेणार कोण?

आणि नव्या बांधकामाला पैसा मिळतो तसा दुरुस्तीला मिळत नाही. गावातल्या एका पुढाऱ्याने आम्हाला सरळ सांगितले, “जुनी पाडा, मी दोन मजली हॉल बांधून देतो. कौलं बदलायला पैसे मागू नका, त्यात दाखवायला काय राहतं?” ते वाईट हेतूने बोलत नव्हते, हे मी मानतो. पण कोनशिला बसेल अशाच कामाला पैसा मिळतो, हे तेव्हा नीट कळले.

सीएसआरकडे वळलो ते एका विश्वस्तांमुळे. कंपनी कायदा २०१३चे कलम १३५ आणि त्याची सातवी अनुसूची त्यांनी वाचून काढली होती. निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक जरी मर्यादा गाठली तरी कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकामावर खर्च करावी लागते. ते पैसे कशावर चालतात याच्या यादीतल्या पाचव्या बाबीत ऐतिहासिक महत्त्वाच्या इमारतींचा जीर्णोद्धारही आहे आणि सार्वजनिक ग्रंथालयांची उभारणीही. आमच्यासाठी याहून सोयीची ओळ कायद्यात दुसरी नाही. तुमचेही वाचनालय जुन्या इमारतीत असेल तर अर्जाच्या पहिल्या परिच्छेदात दोन्ही गोष्टी लिहा. नुसता ‘वारसा’ शब्द लिहिला की समोरचा लगेच विचारतो, ऐतिहासिक असल्याचे प्रमाणपत्र कुठे आहे?

ते प्रमाणपत्र असे कुठून मिळत नाही. आम्ही मिळकत पत्रिका, स्थापनेच्या काळातली इतिवृत्ताची वही, वर्गणीदारांची जुनी यादी आणि कोनशिलेचे छायाचित्र जोडले. त्यावर भागले.

आयकर खात्याच्या १२ए (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत), आणि सीएसआरचे पैसे घेण्यासाठीची सीएसआर-१ या नोंदण्या लागतातच. आमच्या झाल्या, फार त्रास झाला नाही. सीएसआर-१ला विश्वस्ताची डिजिटल सही आणि सनदी लेखापालासारख्या व्यावसायिकाचे प्रमाणन लागते, एवढे लक्षात ठेवा.

सगळ्यांत आधी करायची गोष्ट मात्र इमारतीचे सर्वेक्षण. पैसे मागायला जाण्याच्याही आधी. जुन्या बांधकामाचा अभ्यास असलेल्या वास्तुविशारदाकडून ते करून घ्या. अडचण अशी की त्याला पैसे देणारा कोणी भेटत नाही. प्रत्येक देणगीदार म्हणतो, आधी सविस्तर अंदाजपत्रक आणा, मग बघू. अंदाजपत्रक सर्वेक्षणाशिवाय होत नाही, आणि सर्वेक्षणाची फी कोणाच्याच नियमात बसत नाही. आम्ही सभासदांकडून वर्गणी काढून ती भरली. त्याआधी एका कंत्राटदाराने सगळ्या कैच्या काढून लोखंडी सांगाडा आणि पत्रे टाकायचा आकडा दिला होता. सर्वेक्षणात निघाले की बहुतेक कैच्या ठणठणीत आहेत. भिंतीत रुतलेली काही वाशांची आणि दोन कैच्यांची टोके तेवढी कुजली आहेत, कारण पन्हळ तुंबून पाणी वर्षानुवर्षे तिथेच मुरत होते. कंत्राटदाराच्या आणि सर्वेक्षणानंतरच्या आकड्यात जवळजवळ निम्म्याचा फरक पडला. जुन्या वास्तूंसाठी सरकारने एकच गोष्ट करायची ठरवली, तर प्रत्येक जिल्ह्यात अशा सर्वेक्षणांसाठी निधी ठेवावा, असे मी म्हणेन. त्यातून वाचणारा पैसा त्या निधीपेक्षा कितीतरी मोठा असेल.

आता ती ३१ मार्चची ओळ.

आम्ही अर्ज केला पावसाळा संपताना. कंपनीच्या सीएसआर विभागातल्या मॅडम भल्या होत्या, फोन उचलायच्या, कागद नीट वाचायच्या. पण त्यांच्या समितीची बैठक दिवाळीनंतर, संचालक मंडळाची त्याच्याही नंतर. पैसे हातात यायचे तर जानेवारी उजाडणार. म्हणजे कामाला जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. तीन महिन्यांत छप्पर उतरवायचे, लाकूड दुरुस्त करायचे, भिंतींवरचा सिमेंटचा गिलावा खरवडायचा आणि चुन्याचा नवा चढवायचा.

हे होत नाही. चुनकळी विरवून मुरायला ठेवावी लागते, चुन्याच्या घाण्यात मळावी लागते. सिमेंट पाण्याशी संयोग होऊन काही तासांत धरू लागते. साधा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत सावकाश घट्ट होतो, म्हणून गिलाव्याचे थर पातळ द्यायचे, एक धरल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही आणि तोवर भिंत ओलसर ठेवायची. भिंतीत आधीच ओल मुरलेली असेल तर ती सुकायला वेळ द्यावा लागतो तो वेगळाच. आमच्या भिंतींना पूर्वी कोणीतरी सिमेंट फासले होते. आत ओल कोंडून लोणा लागला होता, दगडाचे पापुद्रे सुटत होते. घाईत पुन्हा सिमेंटच मारायचे तर एवढा खटाटोप कशाला?

मी मॅडमना हे सगळे सांगितले. त्या म्हणाल्या, “सर, मला पटतंय तुमचं. पण आमच्या पोर्टलवर काम संपायची तारीख मार्चनंतरची टाकताच येत नाही.”

मग मिस्त्रींना विचारले, निदान छप्पर तरी मार्चअखेर होईल का? ते म्हणाले, “माणसं वाढवून धरलं तर एप्रिल उजाडेल. आणि तेव्हा कौलं उतरवलेली असताना वळीव आला तर तुमची पुस्तकं कोण उचलणार?” आमच्याकडे जुन्या पोथ्या आहेत, बांधीव मासिके आहेत. ती उघड्या छपराखाली ठेवायची जोखीम मी घेणार नव्हतो.

खोटी तारीख लिहा, मार्चमध्ये बिले दाखवा, काम मागाहून सावकाश करा, असा सल्ला अनेकांनी दिला. अनुभवी लोकांनी दिला. आम्ही तो घेतला नाही, आणि याचा मला अभिमान आहे. उपयोगिता प्रमाणपत्रावर विश्वस्तांची सही असते. न झालेल्या कामाचे बिल एकदा लावले की ती संस्था पुढच्या देणगीदाराकडे ताठ मानेने जाऊ शकत नाही.

तारखेच्या जोडीला दुसरा रकाना होता : थेट लाभार्थी किती, आणि दर लाभार्थ्यामागे खर्च किती. आमचे सभासद काहीशे. त्याच अर्जांच्या ढिगात शाळेतल्या स्वच्छतागृहाचा अर्ज असेल तर दरडोई खर्चात आम्ही हरणारच, आणि स्वच्छतागृह हवेच आहे, त्याच्याशी भांडण नाही. पण इमारतीचा उपयोग या वर्षी आत आलेल्या डोक्यांवर मोजायचा ही पद्धतच मला मान्य नाही. शंभर वर्षे जिने गावाला वाचायला जागा दिली आणि नीट राखली तर पुढची शंभर वर्षे देईल, तिचा भागाकार एका वर्षाच्या हजेरीने कसा करणार? आम्ही सभासदांचा आकडा दिला, रोज पेपर वाचायला येणाऱ्यांचा दिला, स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेतल्या मुलांचा दिला, आणि खाली वेगळी टीप लिहिली की दुरुस्तीनंतर इमारतीचे आयुष्य किती वाढेल याचे वास्तुविशारदाचे मत सोबत जोडले आहे. तुम्हीही हेच करा. रकाना रिकामा सोडू नका, आणि फुगवलेला आकडाही देऊ नका.

तारीख मात्र सुटेना. ते आर्थिक वर्ष संपले, अर्ज ‘पुढील वर्षी विचारार्थ’ म्हणून परत आला. पावसाळ्यात आम्ही छपरावर ताडपत्री अंथरली. पोथ्यांची कपाटे एका कोरड्या खोलीत दाटीवाटीने लावली. श्रावणात मागच्या बाजूच्या भिंतीला फुगवटा आला. काम वेळेत झाले असते तर तो खर्च आलाच नसता, पण नव्या अंदाजपत्रकात ती भिंत घालावी लागली. एका पोर्टलवरच्या तारखेच्या चौकटीसाठी इमारतीने ही किंमत मोजली. हे आठवले की अजून संताप होतो.

गाठ सुटली ती नियम वाचून. सीएसआरच्या नियमांत २२ जानेवारी २०२१ला मोठे बदल झाले, आणि त्यांत चालू प्रकल्पाची व्याख्या आली. सुरू झाल्याचे आर्थिक वर्ष सोडून पुढची तीन वर्षे काम चालवता येते. त्या वर्षात न खर्चलेली रक्कम कंपनीने वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या बँक खात्यात टाकायची, म्हणजे कंपनीवरही ठपका येत नाही. इतकेच नव्हे, आधी एका वर्षाचे म्हणून मंजूर केलेले कामही योग्य कारण असेल तर संचालक मंडळ वाढवू शकते. ३१ मार्चची सक्ती कायद्यात नव्हतीच. ती कंपनीने आपल्या सोयीसाठी लावून घेतली होती आणि नंतर तोच कायदा समजून सगळे चालत होते.

आम्ही एक पानाचे पत्र तयार केले. वर नियमाचा उल्लेख, खाली महिनेवार तक्ता : चुना कधी विरवायचा, कौले कधी उतरवायची, कोणते महिने पावसासाठी बंद, कोणत्या टप्प्यावर किती पैसे लागणार. सोबत वास्तुविशारदाचे पत्र. आणि हे पत्र सीएसआर विभागाबरोबरच कंपनी सचिवांनाही पाठवले. माझा सगळ्यांत आग्रहाचा सल्ला हाच आहे. सीएसआर विभागातली माणसे पोर्टलला बांधलेली असतात, काम चालू प्रकल्प म्हणून धरायचे की नाही हे संचालक मंडळ ठरवते, आणि मंडळासमोर काय ठेवायचे हे कंपनी सचिव बघतात. त्यांच्याकडून पंधरवड्यात होकारार्थी उत्तर आले. मॅडमचाही फोन आला. त्यांना आमच्याइतकाच आनंद झाला होता, हे आवाजातच कळत होते.

पुढचे सगळे सुरळीत झाले. पैसे टप्प्याटप्प्याने आले, पावसाळ्यात काम थांबले, दसऱ्यानंतर पुन्हा सुरू झाले.

निविदेबद्दल एक सांगायचे राहिले. कंपन्यांना तीन दरपत्रके लागतात आणि त्यांतले सर्वांत कमी घ्यावे लागते. आम्ही पहिल्यांदा नुसते ‘भिंतींना गिलावा’ लिहून दर मागवले असते तर सिमेंटवाला जिंकला असता. म्हणून मिश्रण, थर आणि पाणी मारण्याचे दिवस हे सगळे आधीच अटींमध्ये लिहिले, आणि मग दर मागवले. तिन्ही दरपत्रके चुन्याचीच आली. अंदाजपत्रकात १८ टक्के जीएसटी धरायलाही विसरू नका. आमच्यासारख्या न्यासाला त्याची वजावट कुठेच मिळत नाही. लोकांनी वाचनालयाच्या दुरुस्तीसाठी दिलेल्या पैशातून एवढा कर जावा, हे चूक आहे. जुन्या सार्वजनिक इमारतींच्या दुरुस्तीवरचा कर उतरवणे हीसुद्धा त्यांना मदतच ठरेल, आणि त्यासाठी नवी योजना, नवे कार्यालय काहीच लागत नाही.

देखभाल निधीवर मात्र आम्ही हरलो. कंपनीकडे आम्ही मागणी केली होती की मंजूर रकमेचा दहावा भाग मुदत ठेवीत टाकू द्या, व्याजातून दरवर्षी शाकारणी आणि पन्हळ सफाई होईल. नकार आला, आणि या वेळी नकार नियमानेच होता : २२ जानेवारी २०२१पासून संस्थेच्या कायम निधीला दिलेली रक्कम सीएसआर खर्चात धरता येत नाही. कायम निधीच्या नावाखाली पैसे निजवून ठेवणाऱ्या संस्था असतील, त्यांना आळा घालायचा असेल. पण जुन्या इमारतीचा सगळा प्रश्न देखभालीचा आहे. आमच्या कैच्यांची टोके कुजली ती तुंबलेल्या पन्हळीमुळे. वर्षातून दोन दिवस एक माणूस लावला असता तर ही लाखांची दुरुस्ती निघालीच नसती.

नेदरलँड्समध्ये १९७३पासून मोन्युमेंटेनवाख्त नावाची व्यवस्था आहे. तिचे निरीक्षक शिडी घेऊन जुन्या इमारतींवर नेमाने जातात, पन्हळी, कौले, लाकूड तपासतात, किरकोळ दुरुस्ती तिथल्या तिथे करतात आणि मालकाला अहवाल देतात. मालक थोडे शुल्क भरतो, बाकी भार सरकारी अनुदान उचलते. मला आपल्याकडे पैसा असा यायला हवा आहे. पॅरिसच्या नोत्र दामसाठी २०१९च्या आगीनंतर सुमारे ८४ कोटी ६० लाख युरो जमले. त्याच चर्चच्या दुरुस्तीसाठी आगीच्या आधीपासून देणग्या मागितल्या जात होत्या, पण तेव्हा असा ओघ आला नव्हता. तालुक्यातले वाचनालय जळाले किंवा कोसळले तर तेवढाही ओघ येणार नाही, म्हणून आपल्याला तर आधीच द्यायला हवे. मुंबईच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाचे उदाहरण मी आमच्या सभेत मुद्दाम सांगितले. तिथे २००३मध्ये महापालिका, जमनालाल बजाज प्रतिष्ठान आणि वारसा जतन करणारी इंटॅक ही संस्था यांचा त्रिपक्षीय करार झाला, आणि जीर्णोद्धारानंतर संग्रहालय चालवायची जबाबदारीही ठरवून दिलेली होती. दुरुस्ती संपल्यावर इमारत कोण बघणार हे करारात आधीच लिहिलेले असणे, हे मला त्यातले सर्वांत मोलाचे वाटते.

आम्ही आता सभासद वर्गणीत शाकारणीसाठी छोटी जादा रक्कम घेतो. तिचे खाते वेगळे ठेवले आहे आणि वार्षिक सभेत त्याचा हिशेब वेगळा वाचतो. विरोध होईल असे वाटले होते, पण एकानेही केला नाही. ताडपत्रीचा पावसाळा सगळ्यांनी पाहिला होता.

लोकवर्गणीबद्दल आणखी थोडे. ८०जीचा फार डांगोरा पिटू नका. नवी करप्रणाली घेतलेल्या नोकरदाराला ती सवलत मिळतच नाही, आणि आता बहुतेक तरुण सभासद नव्या प्रणालीत आहेत. जुन्या प्रणालीतल्यांनाही २,००० रुपयांवरची रोख देणगी चालत नाही, तेव्हा धनादेश किंवा यूपीआय मागा. वर्षाअखेरीचे देणग्यांचे विवरण ३१ मेपर्यंत भरले नाही तर देणगीदाराचे प्रमाणपत्र वेळेत निघत नाही, आणि मग त्यांचे फोन सुरू होतात.

गावातली परदेशी गेलेली मुले आपणहून पैसे देऊ करतात. त्यांचे भारतीय नागरिकत्व कायम असेल आणि पैसे नेहमीच्या बँक मार्गाने आले, तर एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांवरच्या कायद्याची, अडचण नाही. पण ज्यांनी तिकडचे नागरिकत्व घेतले आहे, त्यांची देणगी परदेशी धरली जाते, मग ती शेजारच्या गल्लीत वाढलेल्या मुलाची का असेना. त्यासाठी वेगळी नोंदणी आणि दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरावीक शाखेत खाते लागते. आम्ही अशा दोघांना नम्रपणे नाही म्हटले, आणि त्याऐवजी त्यांच्या इथल्या भावंडांनी स्वतःच्या कमाईतून वर्गणी दिली. परदेशातून पैसे येणार असतील तर आधी पासपोर्टची प्रत मागवा, ती पाहून मगच पावती फाडा.